पाणी अन् पाव्हना

परवा सकाळी आमच्या गावच्या ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो आला. खाली दोन हंस, कोपऱ्यात गुलाब, अन् मधोमध सोनेरी अक्षरांत सुविचार: "पाऊस आणि पाहुणा बोलावल्यावर येत नाहीत आणि आल्यावर जात नाहीत." त्याखाली एका फार मोठ्या लेखकाचं नाव. लोकांनी धडाधड हात जोडले. एकानं लिहिलं, "किती खोल विचार आहे सर."

हे वाक्य माझ्या आजीचं आहे.

तुम्ही म्हणाल, तिनंही कुठून तरी ऐकलं असेल. असेल बापा. पण ती ते बोलली तेव्हा मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. अर्धं गाव दुबार पेरणीचा हिशेब करत बसलेलं. मग जुलैत झड लागली ती आठ दिवस उघडलीच नाही. तशातच वडिलांचे एक मावसभाऊ "फक्त आजच्या दिवस" म्हणून मुक्कामाला आलेले. पाचव्या दिवशी दुपारी काका बाजीवर बसून तिसरा चहा पीत होते. बाहेर पाहून म्हणाले, "काय मावशी, हे पाणी तं थांबतच नाही ब्वा." आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पाणी अन् पाव्हना सारखेच रे बाबू. बलावला तं येत नाही, आला तं जात नाही."

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वडील काही काम नसताना उठून गोठ्यात गेले. काका मात्र एवढे हसले की चहा धोतरावर सांडला. अन् आणखी दोन दिवस राहिले.

आता मला सांगा, यातलं त्या हंसांपर्यंत काय पोचलं? चूल गेली, काका गेले, सांडलेला चहा गेला. एवढंच नाही, पाणीसुद्धा गेलं. आमच्याकडे पाऊस पडत नाही, पाणी येतं. अन् दारात आलेल्या पाव्हन्याच्या हातात आधी पाण्याचा गडवा जातो. पाणी अन् पाव्हना ही जोडी आमच्या घराघरात रोज जुळते, म्हणून ते वाक्य कानात बसतं. "पाऊस आणि पाहुणा" हे चुकीचं नाही. कोणीतरी आजीला इस्त्री केली, इतकंच.

अन् खरं सांगायचं तर यात पहिला गुन्हेगार मीच. मागच्या पोळ्याला हा सगळा किस्सा मीच ग्रुपवर टाकला होता, चांगला तीन परिच्छेदांचा. लोकांनी त्यातलं नेमकं एक वाक्य उचललं. बाकीचं कोण वाचतो?

मालकीहक्काचं माझं भांडण नाही. असली वाक्यं कोणाच्या सातबाऱ्यावर नसतात. पोळ्याच्या झडत्याच घ्या. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की एक जण पुढं येतो, चार ओळी फेकतो, अन् सारं गाव महादेवाचा गजर करतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पोट्ट्यानं म्हटलेली ही झडती:

बियानं आनलं सोन्याच्या भावानं,
तन निंघालं सोयाबीनच्या नावानं,
सायेबानं धुऱ्यावरून पाह्यलं, चाहा पाजला साऱ्या गावानं!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

ती त्यानं स्वतः जुळवली की मामाच्या गावाहून आणली, कोणी विचारलं नाही. पण बियाणं विकणारा दुकानदार त्याच गर्दीत उभा होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो कसनुसं हसला. ती झडती उद्या गुलाबाच्या फोटोवर टाकली तर लोक म्हणतील, "शेतकऱ्याची व्यथा." झालं! दुकानदार सुटला.

मला वाटतं आमच्याकडची बहुतेक गाजलेली वाक्यं ही मुळात टोमणे आहेत. ती कोणाला तरी मारलेली असतात. ज्याला लागली तो माणूस काढून घेतला की उरतो तो सुविचार, अन् सुविचारानं आजवर कोणाचा चहा सांडलेला मी पाहिला नाही.

ही अक्कल माझी नव्हे, आपल्याच मातीतली आहे, अन् तीही १३ व्या शतकातली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी ऐकलं-पाहिलं त्यांना गाठून विचारलं: कुठं बोलले, कोणाला बोलले, तेव्हा काय चाललं होतं. म्हणून त्या आठवणींच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, नुसतं वचन येत नाही. गाव येतं, माणूस येतो, जेवणखाण येतं. पुढं त्याच पंथातल्या केशोबासांनी त्या वचनांचा वेगळा सूत्रपाठ केला. छोटी छोटी सूत्रं, पाठ करायला सोपी. आणि मग काय झालं? कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं हे सांगायला महानुभावांना पुन्हा वेगळे ग्रंथ लिहावे लागले! सातशे वर्षांपूर्वीच ह्यांचा फॉरवर्डचा अनुभव घेऊन झाला होता.

त्याच परंपरेतली, चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा आचार्य म्हणाले, "नको गा केशवदेया", यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. मराठीच्या प्रेमाचं उदाहरण म्हणून आपण हे शाळेत ऐकतो. मला हल्ली त्यातल्या म्हाताऱ्याच आठवतात. त्यांना समजणार नाही अशा भाषेत गेलं की त्या नागवल्या, हे तर खरंच. पण त्यांचंच बोलणं उचलून, धुऊन-पुसून, दुसऱ्याच्या नावावर चढवून त्यांच्यापुढं ठेवलं, तर त्याला काय म्हणायचं?

मीही हे पाप केलंय. १९९४ साली कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भाषण होतं. माझा चुलता म्हणायचा, "देवयापुढं चपला राखाले मानूस ठेवता, अन् शाळेत मास्तर हाय का नाही ते पाहत नाही." वाक्य जोरदार. पण चुलत्याचं नाव घेतलं तर टाळी कोण देणार? मी ठोकून दिलं, "गाडगेबाबा म्हणतात..." टाळ्यांचा कडकडाट. खाली उतरलो तर एका म्हाताऱ्यानं हात धरला. बाबा १९५६ साली गेले, ह्यानं पोरवयात त्यांचं कीर्तन ऐकलेलं. म्हणाला, "वाक्य चांगलं हाय बेटा, पन बाबाचं नाही. बाबा सांगत नव्हते, इचारत होते." बाबांची कीर्तनं म्हणजे समोरच्या माणसांना एकामागून एक प्रश्न, अन् उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. मी त्यांच्या नावावर एक ठाम विधान खपवायला निघालो होतो. आजही ते आठवलं की कान गरम होतात. अन् चुलता बिचारा गेला. त्याचं ते वाक्य माझ्या कॉलेजातल्या तीनशे पोरांच्या डोक्यात दुसऱ्याच्या नावावर आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की टाकायचं तर सगळं टाका. कोण बोललं, कोणाला बोललं, कोण हसलं, कोणाचं तोंड पडलं. नाव नको असेल तर "गावातले एक बाबा" म्हणा, पण माणूस राहू द्या. अन् भाषा दुरुस्त करू नका. हरभऱ्याला ओलित करायचं म्हणून आम्ही रातच्या लाईनची, म्हणजे विजेची, वाट पाहत धुऱ्यावर बसलो होतो. दोन वाजले. शेजारच्या वावरातला गडी म्हणाला, "लाईन अन् लक्ष्मी, दोघी रातच्याच येतात. अन् आपला डोया लागला हे पाहूनच येतात." हे मी टाकलं, तर एका शिक्षक मित्रानं खाली लिहिलं, "डोळा, डोया नव्हे." अरे बाबा, त्या गड्याचा डोयाच लागला होता! डोळा लागायला तो काय पुण्याचा आहे?

अन् हे तर मी कालच ऐकलं. पीककर्जाच्या रांगेत माझ्यापुढं ऐंशीच्या घरातले एक बाबा उभे होते. कोणीतरी विचारलं, "कशी काय तब्येत?" बाबांनी हातातलं पासबुक हलवलं. "याच्यासारखीच हाय. पानं भरून आली, शिल्लक काही नाही." काउंटरच्या पलीकडचा पोरगा पण हसला, अन् त्यानं बाबांना आधी बोलावलं. हे वाक्य कोणी उचललं तर तो पोरगाही सोबत न्या, एवढी विनंती.

तो सूर्योदयाचा फोटो घेऊन मी आजीकडे गेलो होतो. नव्वदीला टेकलीय, दिसत नाही धड. ओसरीत बसून सुपातली डाळ हातानं चाचपत निवडत होती. मी सुविचार मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं हात थांबवला.

"कोन म्हनते हे?"

मी त्या मोठ्या लेखकाचं नाव सांगितलं.

"बरोबर म्हनते बिचारा," ती म्हणाली अन् पुन्हा डाळीत हात घातला. "पन लय शिकेल दिसते. पाण्याले पाऊस म्हनते. त्याच्या घरी पाव्हने येत नसतीन."