वाचता न येणाऱ्या ग्रंथालयांत जायचे कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली आणि तिची दोन ओळींत बोळवण करणे योग्य वाटले नाही. जगातील जुनी ग्रंथालये पाहण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा, की जिथे पुस्तकाला हातही लावता येत नाही ते ग्रंथालय नव्हे, तो देखावा. तिथली हस्तलिखिते आता घरबसल्या पडद्यावर वाचता येतात, मग तिकीट काढून आणि रांगेत उभे राहून नुसती कपाटे पाहण्यात वाचकाला काय मिळते, असे आपण विचारता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील ‘लाँग रूम’ या जुन्या ग्रंथदालनाची रिकामी होत गेलेली कपाटे आपण पुरावा म्हणून पुढे केली आहेत आणि बसून वाचता येईल असे एक तरी जुने ग्रंथालय दाखवा, असेही शेवटी सुचवले आहे.

मजकुरापुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या मठातील हस्तलिखिते ज्याला खरोखर वाचायची आहेत, त्याने काचेखाली उघडून ठेवलेल्या दोन पानांवर समाधान मानण्यापेक्षा त्यांच्या संगणकीय प्रती पाहाव्यात. तिथे अक्षरही स्पष्ट दिसते आणि कोणी मागून ढकलत नाही. मात्र मी या वास्तूंमध्ये मजकूर वाचायला जात नाही. पुस्तक दुर्मीळ आणि महाग असताना ते वाचकाच्या हाती द्यावे आणि तरीही ते टिकावे यासाठी माणसांनी काय काय केले, हे मला तिथे पाहायचे असते, आणि त्याची नोंद पानांवर नसून लाकडात, लोखंडात आणि भिंतींत आहे.

इंग्लंडमधील हेरफर्ड कॅथीड्रलचे साखळदंडी ग्रंथालय घ्या. तिथल्या कपाटांत साखळीने बांधलेल्या पुस्तकांचे कणे आत आणि पानांच्या कडा बाहेर आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, की कोणीतरी पुस्तके उलटी लावली. साखळीकडे नीट पाहिले की कारण कळते. ती कण्याला जोडलेली नसून पुढच्या पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला जोडलेली आहे आणि तिचे दुसरे टोक फळीलगतच्या लोखंडी गजात ओवलेले आहे. त्यामुळे वाचक पुस्तक ओढून समोरच्या मेजावर आडवे ठेवतो, तेव्हा ते फिरवावे लागत नाही आणि साखळीला पीळ बसत नाही. साखळी म्हणजे अविश्वास, असे आपण म्हणता. मला मात्र तिच्यात वाचकाची सोय पाहणारा कारागीर दिसतो. पुस्तक कुलपात बंद करून ठेवणे किती तरी सोपे होते. ते न करता, ते कोणालाही उघडता यावे पण उचलून नेता येऊ नये, असा मार्ग त्यांनी काढला. डब्लिनमध्येच 1707 साली स्थापन झालेल्या मार्श ग्रंथालयात हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता : दुर्मीळ पुस्तक हवे असलेल्या वाचकाला त्या पुस्तकासह जाळीच्या दालनात बंद करत असत.

इटलीतील चेझेना गावच्या मालातेस्तियाना ग्रंथालयात तर 1454 पासूनची मांडणी आजही जागेवर आहे. दोन्ही बाजूंना 29-29 बाके, त्यांना साखळ्यांनी बांधलेली हस्तलिखिते आणि भिंतींतील लहान खिडक्यांतून येणारा उजेड. दाराला दोन किल्ल्या होत्या, त्यातली एक फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांकडे आणि दुसरी नगराच्या प्रतिनिधींकडे असे; दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. सार्वजनिक मालकी म्हणजे काय, हे इतक्या ठोसपणे सांगणारे दुसरे दार माझ्या पाहण्यात नाही.

पोर्तुगालमधील कोइंब्राच्या जोआनिना ग्रंथालयातील वटवाघळांना आपण पर्यटकांसाठी रचलेली कथा म्हटले आहे. ती वटवाघळे खरी आहेत. ती रात्री पुस्तके कुरतडणारे कीटक खातात; त्यांची विष्ठा मेजांवर पडू नये म्हणून संध्याकाळी तिथे चामडी आच्छादने घातली जातात आणि सकाळी आच्छादने काढून साफसफाई होते. अर्थात पुस्तके केवळ त्यांच्यामुळे टिकली नाहीत. दोन मीटरहून जाड भिंतींनी आतल्या हवेतला चढउतार रोखला, हे कारण अधिक मोठे आहे. दक्षिण कोरियातील हेइन्सा मठात छपाईसाठी कोरलेल्या 81,258 लाकडी फळ्या ज्या पंधराव्या शतकातील इमारतींत आहेत, तिथे पुढच्या आणि मागच्या भिंतींतील खिडक्यांचे आकार मुद्दाम वेगवेगळे ठेवले आहेत, म्हणजे आत आलेली हवा सगळीकडे खेळून मग बाहेर पडते. असे बांधकाम समजून घ्यायला त्याच्यासमोर उभे राहावे लागते. छायाचित्रात फक्त खिडक्या दिसतात.

आता लाँग रूमविषयी. तिथली कपाटे रिकामी केली गेली, कारण 2022 पासून दोन लाखांच्या आसपास जुनी पुस्तके एकेक करून काढणे, धूळ शोषून घेणे, नोंद करणे आणि सुरक्षित जागी हलवणे असे काम हाती घेतले गेले. त्यानंतर इमारतीची दुरुस्ती करायचे ठरले होते. याला देखावा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणखी एक गोष्ट : ज्या कमानदार छताचे छायाचित्र जो तो काढतो, ते मूळ बांधकामात नव्हतेच. 1801 मध्ये ट्रिनिटीला प्रकाशित पुस्तकांची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क मिळाला, फळ्या भरून गेल्या आणि 1860 च्या सुमारास सपाट छत काढून वरच्या मजल्यावर कपाटांसाठी जागा केली गेली. आपल्याला केवळ शोभेचे वाटणारे ते छत पुस्तकांना जागा पुरेना म्हणून उभे राहिले.

गर्दीबद्दलचा आपला राग मात्र माझाही आहे. प्रागच्या स्ट्राहोव्ह मठात ग्रंथदालने दारातूनच पाहावी लागतात, कारण येणाऱ्यांच्या श्वासानेही आतली आर्द्रता बदलते. असे बंधन इतरांनीही घालावे, मग मला आत जाता आले नाही तरी चालेल.

बसून वाचता येईल अशा ग्रंथालयाचे नाव आपण मागितले आहे. मँचेस्टरचे चेथम ग्रंथालय 1653 पासून वाचकांसाठी खुले आहे. 1845 च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स तिथल्या खिडकीजवळच्या मेजावर अभ्यास करत असत, आणि ते मेज अजून तिथेच आहे. कोणते पुस्तक हवे ते आधी कळवून वेळ ठरवा. वाचनासाठी तिथे विद्यापीठाची पदवी किंवा शिफारसपत्र लागत नाही.