लवचिक रचनेत अधिकार कुणाकडे?

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना आहे आणि तिथे आम्ही ३१ जण काम करतो. काही वर्षांपूर्वी मी दोन दिवस मुंबईला गेलो असताना वेर्ण्याच्या एका ग्राहकाने खोक्याच्या मापात किरकोळ बदल कळवला. काय करायचे ते आमच्या सुपरवायझरला पुरते ठाऊक होते, तरीही माझी सही नाही म्हणून मशीन दीड दिवस बंद राहिले. त्यात त्याची चूक नव्हती. प्रत्येक गोष्ट मला विचारूनच करायची, ही सवय मीच लावली होती.

माणसे कमी, म्हणून लहान उद्योग आपोआप लवचिक असतो, हा समज मला घातक वाटतो. टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर या संशोधकांनी स्कॉटलंड-इंग्लंडमधील कंपन्यांचा अभ्यास करून १९६१ साली मांडले, की परिस्थिती स्थिर असेल तर अधिकारांची काटेकोर उतरंड चांगली चालते. बाजार आणि तंत्र बदलू लागले, की कामाची जाण ज्याला आहे त्याच्याकडे निर्णय जावा लागतो. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्यावर ट्रक, बार्ज आणि गॅरेजवाल्यांची झालेली परवड ज्यांनी पाहिली, त्यांना गोव्यातील स्थैर्याबद्दल वेगळे सांगायला नको.

आम्ही छपाई, कटिंग, पाठवणी असे विभाग मोडून ग्राहकांनुसार तीन गट केले. मापातील बदल कोण मान्य करणार, कच्चा माल किती रकमेपर्यंत परस्पर घेता येईल, हे कागदावर लिहून भिंतीवर लावले. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) रजा गट आपापसांत ठरवतात. सुरुवातीचे महिने कठीण गेले: पुठ्ठा साच्याने कापणाऱ्या एकाच डाय-कटिंग मशीनसाठी दोन गट अडून बसले, आणि जुन्या फोरमनना आपला मान गेला असे वाटले. ते दुखणे खरे होते. त्यांच्याकडे तिन्ही गटांना दुसरे मशीन शिकवण्याची जबाबदारी दिली, तेव्हा कुठे ते सावरले. जो दुसरे मशीन शिकतो, त्याचा पगार वाढतो.

कामगारांना कंत्राटावर ढकलणे किंवा पाळीचे तास ताणणे याला लवचिकता म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सुरक्षेचे नियम आणि दर्जाच्या नोंदी आमच्याकडे पूर्वीइतक्याच काटेकोर आहेत.

ग्राहकाला उधारी किती दिवसांची द्यायची, हा निर्णय अजून माझ्याकडे आहे. तोही गटांकडे सोपवायचा आहे, पण त्याआधी त्यांना येणे-देणे आणि महिन्याचा हिशेब वाचता यायला हवा, म्हणून या पावसाळ्यापासून दर शनिवारी तासभर आम्ही वह्या उघडून एकत्र बसतो.