झॉम्बीच्या पिक्चरमध्ये भाषण कोण टाकून राहिलं?

कमी पैशातल्या झॉम्बी पिक्चरवर माझा राग नाही हे आधीच सांगतो, उलट जीव आहे आपला त्यात, पण यूट्यूबवर हे जे "सामाजिक संदेश देणारे" झॉम्बी शॉर्टफिल्म येऊन राहिले ना, ते पाहून डोकं सटकतं. बारा मिनिटांचा पिक्चर. त्यातले आठ मिनिट पोट्टे मोबाईल पाहत पाहत वाकडे चालतात, डोळे पांढरे, तोंडातून लाल पाणी, आणि मग एक गुरुजी नाहीतर सरपंच पारावर उभे राहून "मित्रांनो, आजची आपली तरुण पिढी..." सुरू करतात. झाला पिक्चर. खाली कमेंट, खूप सुंदर संदेश भाऊ. अरे संदेश कोणता? मोबाईल कमी पाहा. आणि हा संदेश आपण पाहून राहिलो मोबाईलवर.

आमच्या इकडच्या पोट्ट्यांनीही गेल्या उन्हाळ्यात असाच एक केला. एडिटिंग माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर झालं (झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, अंगठा लावून पैसे काढणे, सगळंच चालते आपल्याकडे) म्हणून त्याचा इंच न् इंच मला माहीत आहे. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. रक्त म्हणजे साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि वरून कुंकू, दिसायला एकदम ओरिजनल, फक्त एक गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही की पाक आहे तर मुंगळे येणार. बाभळीखाली मेलेला म्हणून पडलेला एक पोट्टा, त्याच्या मानेवर मुंगळ्यांची रांग, आणि मेलेल्या माणसाला खाजवता येत नाही. पडून राहिला गडी कट म्हणेपर्यंत. तोंडाला मैद्याची खळ लावली होती, ती मे महिन्यातल्या आपल्या उन्हात अशी तडकली की पैसे देऊन असा मेकअप होणार नाही. हे सगळं मला भयंकर आवडते. कमी पैशात माणूस जी डोकॅलिटी लावतो ना त्याला तोड नाही.

पण त्या शूटिंगमध्ये एक सीन चुकून आला होता. एक पोट्टा झॉम्बी होऊन रस्त्याने झोकांड्या खात येऊन राहिला, कॅमेरा लांब ठेवलेला, आणि एका घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिला शूटिंगचं काहीच माहीत नाही. तिने त्याच्याकडे पाह्यलं, आत गेली, गडवाभर पाणी घेऊन आली अन् म्हणते, "काय झालं रे बापू, ऊन लागलं काय? बस इथं सावलीत, पाणी पे." पोट्टा गोंधळला, झॉम्बी असल्यामुळे बोलताही येईना, शेवटी पाणी पिला आणि पुन्हा पाय घासत निघाला. मी म्हटलं हाच तुमचा पिक्चर आहे, बाकी सगळं फेकून द्या. तर दिग्दर्शक साहेब म्हणतात, "भाऊ, कंटिन्युटी बिघडून राहिली." काढला त्यांनी तो सीन. सरपंचाचं भाषण ठेवलं, पूर्ण.

आता माझं म्हणणं काय आहे ते सांगतो. झॉम्बीच्या पिक्चरमध्ये तुमचं समाजाबद्दलचं मत संवादात नसतेच. दार कोणासाठी उघडलं, कोणासाठी लावून घेतलं, कोणाच्या डोक्यात काठी बसली आणि ती बसताना पाहणाऱ्याला मजा आली की पोटात कसंतरी झालं, मत इथं असते. तोंडाने तुम्ही काहीही बोला.

१९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पाहा. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा जॉर्ज रोमेरो आणि त्याचे दोस्त जाहिराती आणि कंपन्यांच्या फिल्मा बनवायचे, म्हणजे आपल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याचेच भाऊबंद. दहा जणांनी ६००-६०० डॉलर टाकून काम सुरू केलं, शेवटी सगळा खर्च १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास गेला, हॉलीवूडच्या हिशोबाने हे काहीच नाही. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप चालून गेलं. हिरो ड्वेन जोन्स, काळा माणूस. त्या काळात काळा हिरो गोऱ्या लोकांना "हे करा, ते करा" सांगतो, एका गोऱ्या माणसाला बदडतो, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये एकजणही त्याच्या रंगाचं नाव काढत नाही. रोमेरो नेहमी सांगायचा की ऑडिशन त्याची सगळ्यात चांगली झाली म्हणून घेतला, बस. तो हिरो रात्रभर त्या घरात लढतो, सकाळी बंदुका घेतलेले लोक झॉम्बी मारत मारत येतात, हा खिडकीशी येतो, आणि ते याला झॉम्बी समजून गोळी घालतात (इतकी वर्षं झाली, आता स्पॉयलर कसला). त्यानंतर चालता पिक्चर थांबून नुसते फोटो येतात, आकडे लावून त्याचं प्रेत ओढून राहिले, ढिगावर टाकून राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन लूथर किंगला गोळी घातली होती, आणि ऑक्टोबरमध्ये हा पिक्चर लोकांनी थेटरात पाहिला. कोणाला भाषण करायची गरज होती काय?

अजून एक गोष्ट त्यातली मला फार आवडते. हिरो म्हणतो तळघरात जाऊ नका, फसाल. एक खडूस माणूस म्हणतो तळघरच सेफ आहे. आपण सगळे हिरोच्या बाजूने. पण शेवटी बाकी सगळे मेल्यावर हिरो वाचतो तो तळघरात जाऊनच! म्हणजे खडूस माणूस त्या एका मुद्द्यावर बरोबर होता. आपल्या संदेशवाल्या पिक्चरमध्ये असं होऊच शकत नाही, तिथं चांगला माणूस सगळ्याच बाबतीत चांगला, त्याचं गाईचं दूधही जास्तच निघते. आणि हो, पिक्चरचं नाव ऐनवेळी बदलताना कॉपीराइटची ओळच पडद्यावरून गळली, त्यामुळे तो कोणीही दाखवू शकतो. फुकट आहे, शोधून पाहा.

त्याच्याही आधी १९३२ चा 'व्हाइट झॉम्बी'. अकरा दिवसांत शूट केलेला, दुसऱ्या पिक्चरांचे उरलेले सेट वापरून. स्टोरी तशी बेकारच, एका गोऱ्या नवरीला जादूने झॉम्बी करतात वगैरे. पण त्यात हैतीमधल्या एका साखर कारखान्याचा सीन आहे, सगळे मजूर झॉम्बी, डोक्यावर टोपल्या, लाकडी चरकाचा कर्रर्र कर्रर्र आवाज, कोणी बोलत नाही. एकाचा तोल जाऊन तो खाली चरकात पडतो. आणि कोणी थांबत नाही. चरक तसाच फिरतो, मागचा माणूस टोपली घेऊन पुढे सरकतो. त्या वेळी हैतीवर अमेरिकेचा कब्जा होता, १९१५ पासून १९३४ पर्यंत, आणि त्याच्याही आधी फ्रेंचांच्या राज्यात तिथं उसाच्या मळ्यात गुलाम राबले. झॉम्बी ही गोष्ट मुळात तिथली. तो झॉम्बी कोणाला चावत नाही, मेंदू खात नाही, मेल्यावर उठवून त्याला कामाला लावतात बस. म्हणतात त्याला मीठ खायला दिलं की आपण मेलो आहे हे त्याला आठवते आणि तो आपल्या कबरीकडे चालायला लागतो. म्हणजे तिथल्या माणसाची भीती ही की मेल्यावरही सुट्टी नाही. हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगा लागते काय? बाप गेला, सातबाऱ्यावर पोराचं नाव चढलं, नावासोबत बँकेचा बोजाही चढला. पोरगा वावरात.

आपल्याकडे झॉम्बीची एक टेक्निकल अडचण आहे म्हणा. जाळून टाकल्यावर उठणार काय, राख? पुरणारे समाज आहेत आपल्यात पण पिक्चरवाले तिकडे जात नाहीत, नको ती भानगड म्हणून. त्यामुळे आपला झॉम्बी मेलेला नसतोच, तो बिघडलेला असतो. २०१३ च्या 'गो गोवा गॉन' मध्ये पार्टीतली नशेची गोळी खाऊन बिघडले. आपल्या मराठीतला 'झोंबिवली' २०२२ च्या २६ जानेवारीला आला, आदित्य सरपोतदारचा, तो काही पोट्ट्यांच्या बजेटचा नाही पण मुद्दा बरोबर पकडला होता, टोलेजंग सोसायटी, तिला चिकटून झोपडपट्टी, आणि पाणी. मला आवडला. शहराचं नाव, गल्ली, टँकर, सगळं ओळखीचं. मधे मधे तोही सांगायला लागतो, पण तरी.

आता या "बिघडलेला माणूस" प्रकारात एक मोठा खड्डा आहे आणि कमी पैशातले पिक्चर हमखास त्यात पडतात. आमच्यातल्याच एका पोट्ट्याने पुढच्या पिक्चरची आयडिया आणली. फवारणीचं औषध अंगात जाऊन मजूर झॉम्बी होतात, गावावर हल्ला करतात, गावातले पोट्टे त्यांना कुऱ्हाडीने मारतात. "भाऊ, शेतकऱ्याचा विषय आहे, सामाजिक आहे." मी त्याला म्हटलं, बाबू, २०१७ ला तू शाळेत असशील. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी फवारणीने वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात होते. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, पंप वरच्या दिशेने मारा लागे, मग ते सगळं तोंडावरच येणार. हातात मोजे नाहीत, तोंडाला दुपट्टा. डोळ्यांना दिसेना, उलट्या, श्वास लागे. त्या माणसाला तू राक्षस करशील आणि त्याचं डोकं फोडल्यावर पब्लिकने शिट्ट्या वाजवायच्या? ज्याला विष लागलं तोच व्हिलन, आणि ज्याने मोजे न देता पाठवला तो दार लावून घरात हिरो? सुरुवातीला काळ्या पडद्यावर "बळीराजाला समर्पित" लिहिलं म्हणून ते बदलत नाही.

पोट्टा नाराज झाला. पण हे फक्त त्याचं नाही, बाहेरचेही भरपूर पिक्चर असेच आहेत, आधी सांगतात की कंपनीने, सरकारने गरिबाला असं केलं, आणि मग दीड तास त्याच गरिबाला ट्रॅक्टरखाली घालतात.

उलट करता येते. २००८ चा इंग्लंडचा 'कॉलिन', मार्क प्राइसचा. त्याची तर बजेटची बातमी झाली होती, ४५ पौंड. दिग्दर्शकच सांगे की एक सब्बल घेतली, दोनचार टेपा आणि चहा-कॉफी. काम करणारे सगळे फुकट. त्यात कॅमेरा झॉम्बीच्याच मागे मागे चालतो, एक साधा पोरगा चावल्यामुळे झॉम्बी झालेला. घरचे त्याला पकडून आणतात आणि आईला वाटते हा आपल्याला ओळखेल. तो सीन पाहताना तुम्ही कोणाच्या बाजूने आहात तेच कळत नाही. अंधारात निम्मं दिसत नाही, कॅमेरा हलते, आवाज फाटते, काही फरक पडला नाही मला.

आणि आपण इंग्लंडला कशाला जायचं, माझी सासुरवाडी गडचिरोलीतल्या वडसाकडची आहे. झाडीपट्टीचं नाटक ज्याने मंडईच्या (म्हणजे गावच्या जत्रेच्या) नाहीतर शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री थंडीत बसून पाह्यलं त्याला माहीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, दिवाळीनंतर सीझन लागला की गावोगाव नाटक, रात्री सुरू झालेलं पहाटेपर्यंत. विषय कोणते? दारू, हुंडा, जमीन, सुनेचा छळ, सगळे "सामाजिक". पण तिथं नुसता संदेश दिला तर लोक उठून चहाला जातात, तिकीट काढून बसलेले असतात ते. म्हणून तिथला माणूस आधी रडवतो, लगेच कॉमेडीवाला आणून हसवतो, मधे गाणं, आणि या सगळ्यात विषय कधी पोटात गेला समजत नाही. माझी सासू एकदा नाटकातल्या दारुड्या नवऱ्याला बसल्या जागेवरून मोठ्याने शिव्या देऊन राहिली होती. यूट्यूबवाल्यांनी एक सीझन तिकडे काढावा.

तर पोट्ट्यांना मी दोन आयडिया दिल्या.

पहिली. भुताखेताच्या पिक्चरमध्ये सगळ्यात मोठा लोचा हा असतो की बाहेर धोका आहे माहीत असून माणूस रात्री बाहेर जातोच का? शहरातल्या पिक्चरवाल्याला यासाठी काहीतरी जुळवा लागते, मांजर हरवली, गाडी बंद पडली. आपल्याकडे उत्तर तयार आहे. वावरातल्या मोटारपंपाची थ्री फेज लाइट रात्री बाराला येते. हरभऱ्याला पाणी नाही दिलं तर गेला हरभरा. गावात झॉम्बी सुटले आहेत, दवंडी झाली आहे, बायको नाही म्हणून राहिली, आणि हा माणूस टॉर्च आणि काठी घेऊन निघतो कारण पुढचा आठवडाभर दिवसा लाइट नाही. साप, रानडुक्कर यांच्या यादीत झॉम्बी एक वाढला, बस. पूर्ण पिक्चरमध्ये लाइटच्या टाइमटेबलबद्दल एकानेही तक्रार करायची नाही. तोंडातून शब्द काढला तर मी सीन कापीन.

दुसरी माझी जास्त लाडकी. मेलेली म्हातारी उठते, कोणाला चावत नाही, सरळ पिशवीत आधार कार्ड टाकून निराधारच्या पैशाला येते. मी रोज पाहतो ना हे. कापूस वेचून, भांडे घासून बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीनवर अंगठा उमटत नाही, मग पदराला पुसून, मग तेल लावून, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं, आणि शेवटी म्हातारी माझ्याकडे अशी पाहते की जसं तिचीच चूक आहे. तर ही मेलेली म्हातारी लाइनीत उभी, पुढेमागे जिवंत म्हाताऱ्या. काउंटरवरचा बाबू म्हणतो हयातीचा दाखला आणा. मशीन तिचा अंगठा घेत नाही. मागच्या जिवंत बाईचाही घेत नाही. बाबूला फरकच कळत नाही की यातली मेलेली कोणती. लाइनीतल्या बाया मात्र बरोबर ओळखतात तिला, "अवं तू तं मांगच्या साली गेली होती ना?" आणि सरकून जागा देतात.

पोट्टे म्हणतात, "भाऊ, पर यात फाइट कुठं हाये?" मी म्हटलं पहिलीत रानडुक्कर टाका, दुसरीत नाही. मान्य झालं आहे, फक्त ड्रोनवर अडून बसले आहेत, वरून लाइन दाखवायची म्हणे. एक शॉट घ्या म्हटलं. पण तुळशीचं लग्न झालं की शूटिंगवाला मोकळा राहत नाही, ड्रोनही त्याचाच आहे, म्हणून दुसरीचं शूटिंग आधी करायचं ठरलं, हरभऱ्याचं नंतर.