‘मेला तर मेला, पन्नास रुपयांचा तर मासा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

टाकी बसवली की महिनाभर थांबा आणि मगच मासे आणा, असं सांगणाऱ्या ‘टाकी आज, मासे महिन्याने’ या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा मोकळेपणाने लिहिलंत. इतरांसाठी थोडक्यात सांगते. लहानपणी कळव्याच्या घरी तुम्ही लोणच्याच्या बरणीत गप्पी पाळले. फिल्टर नाही, औषध नाही, तरी ते पिल्लं देत राहिले. आता सात वर्षांच्या मुलासाठी बाऊल आणि दोन गोल्डफिश आणलेत, तर माझ्यासारखी माणसं थांबा म्हणतात, पाणी तपासा म्हणतात, आणि साध्या माणसाचा छंद पैसेवाल्यांचा करून टाकतात. शेवटी लिहिलंत, ‘‘वर्षभरात तिसरी जोडी. मेला तर मेला, पन्नास रुपयांचा तर मासा.’’ हे वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. त्या लेखाच्या शेवटी मी कॅनिस्टर फिल्टर, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, झाडांसाठीचे दिवे अशी यादी दिली होती. नवशिक्याला यातलं काहीही लागत नाही. वाचणाऱ्याला वाटणारच की एवढं परवडत नसेल तर या वाटेला जाऊच नये. ती यादी मी काढून टाकली आहे. माझ्या पाचपाखाडीच्या घरी ज्या टाकीत सगळ्यात कमी मासे दगावले, तिला एक छोटी हवेची मोटर, एक स्पंज फिल्टर आणि खिडकीतून येणारा उजेड यापलीकडे काही नाही. आणि महिनाभर थांबायला तर पैसेच पडत नाहीत.

आता तुमची बरणी. ते गप्पी जगले याबद्दल मला काडीची शंका नाही, पण ते का जगले ते बघा. तुम्हीच लिहिलंय की पाणी विहिरीचं होतं, बरणी गॅलरीत होती, काच हिरवी झालेली असायची आणि आत पाणवनस्पतीची एक काडी होती. म्हणजे क्लोरीन नव्हतं, आणि माशांच्या अंगातून निघणारा विषारी अमोनिया ते शेवाळ आणि ती काडी रोज खाऊन टाकत होते. शिवाय गप्पी जेमतेम दीड-दोन इंचाचा. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो अगदी वरच्या थराशी तोंड लावून तग धरतो. त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा हा मासा डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे आणला गेला आणि इथल्या डबक्यांत टिकला, तो या चिवटपणामुळेच. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतींवर वाचतच आपण मोठे झालो. तुमच्या बरणीत तुमच्या नकळत एक तळं तयार झालं होतं. हॉलमधल्या टीव्हीशेजारच्या स्वच्छ, चकचकीत बाऊलमध्ये ते नाही.

थोडा हिशोब करू, कारण हिशोबानेच मला पटलं होतं. बाऊलमध्ये पाणी ४ लिटर धरा. दोन गोल्डफिशना दिवसाला चिमूटभर दाणे, म्हणजे पाव ग्रॅम. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, म्हणजे १०० मिलिग्रॅम. प्रथिनात १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे १६ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे बाहेर पडला तरी ८ मिलिग्रॅम झाले. ४ लिटरने भागा : रोज लिटरमागे २ मिलिग्रॅमची भर. टाकीत अमोनिया शून्य असायला हवा. अर्धा मिलिग्रॅम दिसला तरी मी त्याच दिवशी पाणी बदलते.

तुम्ही रोज सगळं पाणी बदलता, हे वाचलं. त्याने अमोनिया जातो, खरं आहे. पण त्याच्या जागी नळाचं क्लोरीन घातलेलं पाणी येतं, आणि आपल्याला पाणी निर्धोक करून देणारं क्लोरीन माशाचे कल्ले पोळवतं. पावसाळ्यात आमच्याकडे बादली भरतानाच त्याचा वास येतो. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्याची सूचना फलकावर लागली की मी पुढचे दोन दिवस माशांच्या टाकीत नवं पाणी घालतच नाही. आणि रोज बाऊल घासूनपुसून लख्ख केला की जे जीवाणू तिथे वस्ती करणार, तेही मोरीत जातात. हे जीवाणू दोन जातींचे. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतातच; स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून राहतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझा ‘महिना’ तो हाच.

मलाही हे आधी माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी दोन फुटी टाकी आणि सहा गोल्डफिश एकाच संध्याकाळी घरी आणले. दुकानातून निळ्या औषधाची बाटली मिळाली आणि ‘उद्यापासून खाणं द्या’ एवढी सूचना. आठ-दहा दिवस सगळं छान चाललं. मग एका रात्री अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातला दिवा घालवायला उठले, तर चार मासे पाण्याच्या वरच्या कडेला ओळीने उभे. तोंडं उघडी, आणि कल्ले धाप लागलेल्या माणसाच्या छातीसारखे उडत होते. मोटर चालू होती, बुडबुडे व्यवस्थित येत होते. मला काहीच सुचेना. सकाळी दोन मेलेले मिळाले. त्यातला एक हातात घेतला आणि सवयीने नखाने कल्ल्याचं झाकण उचललं. बाजारात मासा ताजा आहे का ते आपण असंच बघतो. आत लालभडक दिसायला हवं. इथे आतलं सगळं कॉफीच्या रंगाचं होतं.

तो नायट्राइट होता. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला असा काही बदलतो की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि रक्त तपकिरी होतं. चहूबाजूंनी बुडबुडे असूनही मासा गुदमरतो. त्यात मे महिना. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. गोल्डफिश मुळात चीनमधला, गार पाण्यातला मासा. आपल्याकडचा उन्हाळा त्याला तसाही जड जातो.

त्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘‘जाऊ दे गं, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं.’’ मायेने म्हणाल्या, आणि मला बरंही वाटलं. मी पुन्हा मासे आणले, तेही गेले, पुन्हा तेच वाक्य झालं. दुकानात विचारलं तर ‘पाणी मानवलं नाही’. तिसऱ्या खेपेला मी पाणी तपासलं. या दोन्ही वाक्यांवर माझा राग नाही, पण ती एकदा बोलली की बोलणं तिथेच संपतं आणि पाण्याकडे कोणी बघत नाही. गेलेल्या त्या माशांचं मला आजही वाईट वाटतं, कारण बादलीभर ताज्या पाण्याने त्यातले काही वाचले असते.

आता पन्नास रुपये. ती दुकानातली किंमत झाली. नीट पाण्यात गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि गुबगुबीत फॅन्सी जातीचाही सहा-आठ इंचांचा होतो. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो कॉलेजात जाईल तेव्हाही हाच मासा घरात असू शकतो. खाणं देणारं माणूस जवळ आलं की हे मासे काचेशी येतात. माझे तर डब्याच्या झाकणाचा आवाजही ओळखतात. तुम्ही लिहिलंत, पहिले दोन मेले तेव्हा मुलगा रडला, पुढचे दोन मेले तेव्हा नाही, ‘‘आता त्याला सवय झाली.’’ दादा, तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला सर्वांत जास्त लागलं ते हे. त्याचं पहिलं रडणं बरोबर होतं.

‘महिनाभर रिकामी टाकी मुलाला दाखवू काय?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या भाचीने तो महिना असा काढला : रोज शाळेतून आली की चिमूटभर दाणे रिकाम्या टाकीत टाकायची (दाणे कुजून अमोनिया होतो, त्यावरच जीवाणू वाढतात), आणि दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन माझ्यासोबत त्यात अमोनिया तपासायचे थेंब टाकायची. रंग पिवळा आला की अमोनिया नाही, हिरवा आला की आहे. तो रंग ती कॅलेंडरच्या चौकटीत खडूने भरायची. पहिले तीन आठवडे हिरवे, गडद हिरवे. मग एक दिवस पोपटी. ज्या दिवशी पिवळा आला त्या दिवशी ती शेजारच्या काकूंना बोलवायला धावली होती. नायट्राइट शून्यावर यायला आणखी नऊ दिवस लागले, तेही तिने मोजले.

तुमच्याकडे आज दोन मासे आहेत, त्यांच्यासाठी एवढं करा. खाणं एक दिवसाआड, तेही एका मिनिटात संपेल इतकंच. पाणी रोज निम्मं बदला, सगळं नको. नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन मारणारे थेंब घाला. ते नसतील तर बादली चोवीस तास उघडी ठेवून मग वापरा. बाऊल घासू नका. आणि जमेल तितक्या लवकर त्यांना मोठ्या पाण्यात हलवा. दोन गोल्डफिशना १०० लिटर तरी हवेत. काचेची टाकी महाग पडत असेल तर तेवढाच प्लॅस्टिकचा टब घ्या, माशाला काही फरक पडत नाही. रिकाम्या झालेल्या बाऊलमध्ये मनी प्लांट लावा, छान दिसतो. एवढं पाणी घरात मावणार नसेल तर गोल्डफिश कोणाला तरी द्या आणि ४० लिटरमध्ये पाच-सहा गप्पी ठेवा. ते तर तुमचे जुने ओळखीचे.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘फार मोठे झाले तर तलावपाळीला सोडून देईन’ असं तुम्ही लिहिलंय. मासुंदा (म्हणजे तलावपाळीच) काय, उपवन काय, आपल्या ठाण्याच्या तळ्यांत घरचा मासा कधीच सोडायचा नाही. ‘काच साफ करणारा’ म्हणून दोन इंचाचा विकला जाणारा सकर दक्षिण अमेरिकेतला. तो फूटभराहून मोठा होतो, आणि लोकांनी असंच सोडून देऊन देऊन आज देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत पसरला आहे. काठाच्या मातीत बिळं करतो, अंगावर कवच असल्यामुळे त्याला खाणारं फारसं कोणी नाही. गोल्डफिशही तळ ढवळून पाणी गढूळ करतो. नको झालेला मासा पाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला द्या, नाहीतर मला कळवा, मी घेईन.

आणि तो महिना कमी करायचा एक मार्ग आहे, तो मी मूळ लेखात लिहायला हवा होता. चालू टाकीतला जुना स्पंज नव्या टाकीत ठेवला की जीवाणू आयते मिळतात, आणि चार-सहा आठवड्यांचं काम बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत होतं. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच संध्याकाळी मी माझ्या टाकीत एक जादा स्पंज टाकून ठेवला आहे. तीन-चार आठवड्यांत तो तयार होईल, तोवर टबाचं बघा. खाली कळवा आणि मुलाला घेऊन या. येताना झाकणाचा डबा आणा, स्पंज माझ्या टाकीच्याच पाण्यात बुडवून देते. वाटेत तो सुकू देऊ नका, आणि घरी गेल्यावर नळाखाली धुऊ नका.