22 वर्षांची कोच आणि 11 महिन्यांचा करार

आमच्या कॉलेजच्या हॉकी टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एरवी गुड मॉर्निंग आणि वाढदिवसांवर चालतो. गेला पंधरवडा मात्र तिथे चांगलीच जुंपली आहे. कॉलेजला मुलींच्या संघासाठी कोच हवाय. एक गट म्हणतो, आपल्यातलीच एक राज्याकडून खेळलीय, तिला घ्या. दुसरा म्हणतो, शारीरिक शिक्षणातली एम.पी.एड. नाही, नेट-सेट नाही, उद्या कोणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर प्राचार्यांनी काय सांगायचं? मग कोणीतरी एरिन मॅटसनची बातमी चिकटवली. ‘बघा, अमेरिकेत 22 वर्षांच्या पोरीला कोच केलं.’ आणि खाली मला टॅग. तुझ्याच गावचं ना गं हे?

आहे माझ्या गावचं. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला राहते, आणि ज्या विद्यापीठानं तिला कोच केलं त्याचं चॅपल हिल हाकेच्या अंतरावर. म्हणून बोलते, आणि दोन्ही गटांना ते आवडणार नाही.

मॅटसनला खेळताना मी पाहिलंय. 2018, 2019, 2020 आणि 2022 अशा या विद्यापीठाच्या चार राष्ट्रीय विजेत्या संघांत ती होती. 2022 च्या अंतिम सामन्यात नॉर्थवेस्टर्नविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांतला विजयी गोल तिचाच. पुढच्या महिन्यात तिच्या कोच कॅरन शेल्टन निवृत्त झाल्या आणि जानेवारी 2023 संपताना विद्यापीठानं त्यांच्या खुर्चीवर हिला बसवलं. कालपर्यंत जिच्या पासवर गोल मारायचा, तिलाच आज बेंचवर बसवायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅपल हिललाच अंतिम सामना झाला, पुन्हा नॉर्थवेस्टर्न, आणि शूटआउट. आठ सेकंद, समोर एकटी गोलकीपर. आम्ही स्टँडमध्ये उभ्या होतो आणि मी मात्र साइडलाइनकडे बघत होते. 23 वर्षांची कोच तिथे फेऱ्या मारत होती, तिच्या हातात आता स्टिक नव्हती. जिंकल्या.

पण ग्रुपवर फिरतेय ती बातमी इथूनच सुरू होते आणि इथेच संपते. शेल्टनबाईंचं त्यात नावसुद्धा नाही.

त्यांना 1981 मध्ये नेमलं. तेव्हा त्या स्वतः अमेरिकेच्या संघातून खेळत होत्या. 1984 ला लॉस एंजेलिसला जाऊन ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आल्या, नोकरी शाबूत. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1989 ला. म्हणजे आठ वर्षं कोणी ‘रिझल्ट दाखवा’ म्हणून गळा धरला नाही. 1997 नंतरचं विजेतेपद थेट 2007 ला, 2009 नंतरचं 2018 ला. एकूण दहा जिंकल्या, पण मधल्या रिकाम्या वर्षांतही मैदान त्यांचंच होतं. 2018 ला नवं स्टेडियम बांधलं, त्याला नावही त्यांचंच दिलं. मॅटसनला 22 व्या वर्षी कोच करायची हिंमत आली ती या चाळीस वर्षांच्या जोरावर. वय आणि पदवी यावर भांडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता आपलं. जिच्यासाठी एक गट भांडतोय, तिला देणार काय? 11 महिन्यांचा करार आणि मानधन. तेही वेळेवर मिळालं तर. आमच्या सरांना तेवढंही नव्हतं. कारखान्यातली पाळी सांभाळून पहाटे साडेपाचला मुरमाच्या मैदानावर चुन्यानं डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोल, आखत बसायचे, दोरी धरायला जी पहिली येईल ती. पद निघालं तेव्हा त्यांना पात्रता नाही म्हणून वगळलं, आणि ज्यांना घेतलं त्यांनी आम्हाला कवायत शिकवली. 1982 च्या दिल्ली एशियाडला सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याची. त्यांच्या नावाचं स्टेडियम कुठे आहे सांगा, मी पुढच्या खेपेला हार घेऊन जाते.

यावर एक जण म्हणालाच, ‘तुमच्याकडे फुटबॉलचा कोच दोन सीझन हरला की हाकलतात, ते नाही सांगत.’ खरं आहे, हाकलतात. पण विषय हॉकीचा चाललाय. दुसरी म्हणाली, अमेरिकेतली हॉकी म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलींचा खेळ. तेही खरंच. मुलग्यांचे तर कॉलेजला अधिकृत संघच नसतात. माझ्या लेकीच्या क्लबची फी भरताना माझा हात थरथरतो, वर टूर्नामेंटची हॉटेलं वेगळी. फलटणजवळच्या आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, तशी मुलगी इथल्या क्लबच्या पार्किंग लॉटपर्यंतही पोचली नसती. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथे लिहितेय.

भारतात आणखी एक वाद अधूनमधून उकरला जातो, परदेशी कोच हवा की नको. नेदरलंड्सच्या यानेक शॉपमन 2019 ला भुवनेश्वरच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यांत अमेरिकेच्या कोच होत्या. दोन सामन्यांत मिळून 6-5 नं भारत जिंकला आणि टोकियोला गेला. जानेवारी 2024 ला रांचीत त्याच शॉपमन भारताच्या कोच, समोर अमेरिका, आणि आपण 0-1 हरलो. मग तिसऱ्या जागेच्या सामन्यात जपानकडूनही हरलो आणि पॅरिस हुकलं. पुढच्या महिन्यात त्या बोलल्या की इथे मला किंमत नव्हती, आणि राजीनामा दिला. ग्रुपचा निकाल एका ओळीत: हरली म्हणून रडतेय. मला राग आला, कारण पराभवाआधीचं कोणी विचारलंच नाही.

रांचीचा तो सामना इथे शनिवारी सकाळी होता. लेक अमेरिकेचा टी-शर्ट घालून सोफ्यावर, मी कांदेपोह्यांची बशी घेऊन शेजारी. अमेरिकेचा गोल झाला तेव्हा ती उडाली आणि मी ‘अगं मागे कोण आहे, मागे!’ असं टीव्हीवर ओरडले. तिनं विचारलं, मम्मा, पासपोर्ट तर तुझाही इथला आहे ना? 2019 ला मी कोणाकडून होते हे मला माहीत होतं. 2024 लाही माहीत होतं. पुढच्या वेळी ती स्वतः या जर्सीत असेल तर, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर ती त्या दर्जाची खेळाडूही नाही, तेव्हा प्रश्न टळलाय.

काल ग्रुपवर गोलकीपरच्या किटसाठी वर्गणी निघाली. मी म्हटलं, पूर्ण किट माझ्याकडून, पण जी कोच घ्याल तिला पाच वर्षं ठेवायचं असं कॉलेजकडून लिहून आणा. तासाभरात उत्तर आलं: ‘डॉलरवाल्यांच्या अटी फार.’ त्याला सतरा अंगठे, त्यात ज्या मैत्रिणीसाठी मी भांडतेय तिचाही एक. पैसे दिले की मैदानावर थोडा हक्क उरतो असं मला वाटतं, आणि ते त्यांना नेमकं कळतं. किटचे पैसे मी आज सकाळी पाठवले, अट न घालता. पाच वर्षांचा मुद्दा मात्र सोडणार नाही; आता तो थेट प्राचार्यांना ईमेलनं जाईल.