बाबेल्सबेर्गच्या विणकर वस्तीतली फेरी: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. जर्मनीतल्या पॉट्सडॅम शहरातला सान्सूसीचा राजवाडा सोडून त्याच शहराच्या बाबेल्सबेर्ग भागात दोन तास एकसारखी बैठी घरं बाहेरून बघितली, फोटोतल्या मागाची खोली बंद होती आणि दगडी रस्त्यावर चालून आईचे गुडघे दुखले, असं तुम्ही लिहिलंय.

खोलीबाबत चूक सर्वस्वी माझी. ती रोज उघडी नसते हे ठाऊक असूनही तो फोटो मी बुकिंगला लावला. आता काढलाय. तुम्हा तिघांचे निम्मे पैसे आजच परत पाठवले आहेत. काकूंची मनापासून माफी मागते. चालणं जमेल का, हे निघण्याआधीच विचारायला हवं होतं.

पण ‘बघण्यासारखं काहीच नाही’ हे मला पटत नाही. सान्सूसी 1747 मध्ये पूर्ण झाला आणि 1751 मध्ये तो बांधणाऱ्या राजानेच, प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने, ही वस्ती वसवली. धर्मासाठी बोहेमिया (आजच्या चेकियाचा भाग) सोडून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांसाठी, सूत कातणाऱ्यांसाठी. तिचं नाव नोवावेस, म्हणजे चेक भाषेत नवं गाव. घरं एकसारखी आहेत, कारण आराखडा एकच: मधोमध दार, दोन्ही अंगांना एकेक कुटुंब. राहायच्या खोलीतच माग. आजही तिथल्या रस्त्यांना लोकर आणि सूत अशी नावं आहेत.

माझं बालपण इचलकरंजीत गेलं. आजोबांचा हातमाग पुढच्या खोलीत होता, आजी दाराशी बसून कांड्या भरायची आणि भाकरीवर सुताची कुसं येऊन बसायची. म्हणून त्या खिडक्यांपाशी माझा पाय निघत नाही, आणि त्या दिवशी मी तिथे जरा जास्तच रेंगाळले हे खरं. त्या घरांत आज लोक राहतात. आत नेता येत नाही ते यामुळे, आणि खिडकीतून डोकावू नका म्हणाले तेही यामुळेच. तेव्हा माझा आवाज चढला असेल तर चुकलं माझं.

पुन्हा येणार असाल तर आधी कळवा. खोली उघडी असेल त्या दिवशी तुम्हा तिघांना घेऊन जाईन, पैसे नकोत. आणि काकूंनी विचारलं होतं, इथे तुतीची झाडं कशाला लावली होती? घाईत सांगायचं राहिलं. राजाला रेशीम आपल्याच राज्यात पिकवायचं होतं, म्हणून झाडं लावली. रेशीम काही फारसं साधलं नाही. इथले माग सुतावरच चालले.