जागा महिला राखीव निघाली? घाबरू नका, भाऊ!

सोडत निघाली आणि तुमची जागा महिलांसाठी राखीव झाली. पुणे महापालिकेत निम्म्या जागा त्यांच्याच, कुणाचा तरी नंबर लागणारच. पण वहिनी आहेत ना घरात? मग जागाही घरातच राहिली की!

आधी फ्लेक्स. फोटो तुमचा मोठा, वहिनींचा कोपऱ्यात. 'सौ.' लिहा, तुमचं नाव ठसठशीत येऊ द्या, मधे जागा उरली तर तिचं बसवा. ही रीत जुनीच आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करायला माणसं दारोदार गेली, तर कितीतरी बायांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हट्टाला पेटले: स्वतःचं नाव नाही, तर मतही नाही. सुमारे २८ लाख बाया यादीबाहेर राहिल्या. आपला फ्लेक्सवाला असलं काही विचारत नाही, सुदैवाने.

भाषणात रमाबाई रानड्यांचं नाव घ्या, पुण्यात टाळी हमखास. मात्र 'न्यायमूर्तींच्या पत्नी' म्हणून थांबा. न्यायमूर्ती १९०१ साली गेले. त्यानंतर वीस वर्षांनी मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळावं म्हणून ही बाई झटत होती आणि १९२१ मध्ये ते मिळालंही (मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे मूठभर जणींना), हे वहिनींसमोर कशाला?

आरक्षणाचा राग गिळवत नसेल तर हंसाबेन मेहतांना पुढे करा. संविधान सभेत त्यांनी ठणकावलं होतं की आमच्या संघटनेने राखीव जागा कधी मागितल्याच नाहीत. ती संघटना म्हणजे अखिल भारतीय महिला परिषद, तिची पहिली बैठक १९२७ साली आपल्याच फर्ग्युसनमध्ये भरली. (तेव्हा तिथे टांगा लावायला जागा मिळत असावी.) पुढचं वाक्य तेवढं गाळा, त्यात त्या सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागतात.

प्रचारात वहिनींना उखाणा घ्यायला लावा. नाव तुमचंच येतं, खर्चातही धरावा लागत नाही.

उमेदवारी अर्जावर सही मात्र तिचीच लागते, कायद्यात तेवढी गोची राहून गेलीय. त्या वेळी शेजारी उभे राहा आणि घाई करा. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी सही करण्याआधी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला होता.